रावसाहेब माणसात आला

बद्रीनाथ पठाडे यांच्या कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाला तेव्हा त्यातला रावसाहेब हा इसम पहिल्याच प्रकरणात एक विहीर बुजवून, एक कडब्याची गंजी पेटवून आणि एका कुत्र्याला लाथ घालून मोकळा झाला होता. अजून त्याची सकाळची न्याहारी व्हायची होती.

हे सगळं मी ऐकलेलं आहे, कारण मला पळायला जागा नव्हती. औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकात, शहराचं नाव तेव्हा तेच होतं, आम्ही दोघं वाहतूक नियंत्रक काचेच्या एका केबिनमध्ये खांद्याला खांदा लावून बसायचो. बद्रीभाऊ माझ्याहून बरेच मोठे. माईक त्यांच्याकडे, कारण आवाज त्यांचा. "जालना, परतूर, सेलूकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं," एवढं ते म्हणाले की ज्यांना पैठणला जायचं असे तीही माणसं उठून उभी राहत. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते खणातून कागद काढत आणि त्याच आवाजात मला रावसाहेबाची नवी करणी वाचून दाखवत. एकदा माईकचं बटण बंद करायचं राहिलं. रावसाहेबानं विधवा मावशीचा शेताचा रस्ता कसा अडवला, हे सगळ्या स्थानकानं ऐकलं. थोड्या वेळानं एक बाई काचेशी आली.

"भाऊ, ती मावशी कोन्या गावची?" तिनं विचारलं. "आमच्याकडं बी असंच झालंय."

बद्रीभाऊ त्या दिवशी डबा खायचे विसरले. त्यांना पहिली वाचक मिळाली होती.

रावसाहेब म्हणजे कोण, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. करमाडला बद्रीभाऊंचे थोरले भाऊ नानासाहेब राहत, शेती बघत. वडील, सांडू पठाडे, लवकर वारले आणि घर थोरल्याच्या हुकमात आलं. बद्रीभाऊंचं म्हणणं असं की बहात्तरच्या दुष्काळात या भावानं त्यांना बी.ए. च्या पहिल्या वर्षातून ओढून काढलं आणि एस.टी. त चिकटवलं. "नाहीतर आज," ते म्हणत, आणि पुढचं वाक्य काचेबाहेर बघत मनातच पुरं करत. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. लग्नकार्यात गाठ पडलीच तर दोघंही एकमेकांच्या टोपीकडं बघून "बरं हाय का" म्हणत आणि वेगवेगळ्या पंगतीला बसत.

कादंबरीचा नायक शशिकांत. तो कोण, हेही विचारायची गरज नव्हती. शशिकांत उंच आणि गोरा होता. बद्रीभाऊ दोन्ही नव्हते. तो फार कमी बोलायचा. बद्रीभाऊ तर तसे मुळीच नव्हते. शेकडो पानं हा शशिकांत खिडकीशी उभा राहून क्षितिजाकडं बघत होता. घर करमाडचं, खिडकीसमोर शेजाऱ्याचा गोठा, तरी त्याला क्षितिज दिसे.

हे बाड घेऊन आम्ही गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात गेलो. छापखाना वच्छलाबाईंचा. बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर त्याचं यंत्र त्यांनीच चालू ठेवलं होतं. लग्नपत्रिका छापायच्या आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक, तेही मनाला पटलं तर. त्यांनी बाड ठेवून घेतलं आणि महिनाभरानं बोलावलं.

"पठाडे, तुमचा हा रावसाहेब जेवतो कधी?"

बद्रीभाऊंना प्रश्न कळला नाही. "जेवत असेल की."

"कुठं? मी शोधलं. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत हा माणूस नुसता दुष्टपणा करतो. मी जन्मभर वांड पोरं सांभाळली. त्यातलं एकही दिवसभर वांडपणा करत नव्हतं. मधल्या सुट्टीत तीही डबा खायची. याला साधा खोकलासुद्धा येत नाही."

"अन् शशिकांत?" बद्रीभाऊंनी आशेनं विचारलं.

"तो काय करतो?"

"तो सोसतो, बाई."

"ते कळलं. पण एखादा माणूस सोसता सोसता दाढी तरी करतो." त्यांनी बाड परत दिलं. "दोघांनाही माणसात आणा. मग छापायचं बघू."

बद्रीभाऊ आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. बाईंना ग्रामीण जीवन कळत नाही, असा निकाल त्यांनी केबिनमध्ये दिला. मग हळूहळू कागद पुन्हा बाहेर आले. शशिकांतला दाढी करायला लावणं सोपं होतं, आरसा घरातच होता. रावसाहेबाचा खोकला मात्र घरबसल्या सुचेना. त्यासाठी मूळ माणूस बघायला हवा होता.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला ते जालन्याच्या गाडीनं करमाडला उतरले. त्यांनीच मला सांगितलेली ही हकीकत आहे, आणि हुबेहूब आवाजात सांगितलेली.

नानासाहेब ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांनी वर बघितलं.

"कामून आला?"

"सहज."

"सहज कुनी येतं व्हय? वाटनी पायजे काय?"

"नाही."

"मंग आजारी हायेस?"

आतून द्वारकाबाई, नानासाहेबांच्या मंडळी, तांब्या घेऊन आल्या. "आधी पानी तर पिऊ द्या भाऊजींना. बसा हो. भाकरी टाकते."

बद्रीभाऊ बसले आणि खलनायकाकडं बघू लागले. खलनायक अवघडला. दोरीचा पीळ दोनदा सुटला.

"काय बघू राह्यला?"

"काही नाही, नाना. वळा तुम्ही."

त्यानंतर दर सुट्टीला बद्रीभाऊ करमाडला जाऊ लागले. नानासाहेबांचा संशय पहिल्यांदा वाढला, मग दमून कमी झाला. बद्रीभाऊंना जे पाहिजे होतं ते सापडत गेलं. नानासाहेब बैलांना अहो-जाहो करत. "चला, उठा आता," असं म्हणत. बायकोला मात्र "ऊठ" म्हणत. दाढा पडलेल्या, म्हणून भाकरी दुधात भिजवून खात, पण आपल्याला तशीच आवडते असं सांगत. वीज कडाडली की धान्याची पोती मोजायची राहिली म्हणून आतल्या खोलीत जात आणि पाऊस थांबेपर्यंत मोजत. खोकला होताच, अवघड प्रश्न आला की हमखास यायचा. वर्तमानपत्र हातात घेत, पण त्यांची नजर उजवीकडून डावीकडे जाई. निजामाच्या अमलात ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेले होते. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत शाळा बंद पडली, उघडली ती मराठी होऊन. पुन्हा पहिलीच्या पोरांत बसायची लाज वाटली, म्हणून ते गेलेच नाहीत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. द्वारकाबाईंनी चुलीपुढं सहज सांगून टाकलं.

बद्रीभाऊ परतीच्या गाडीत तिकिटाच्या मागच्या बाजूला टिपणं करत. दुसऱ्या खर्ड्यात रावसाहेबाला खोकला आला, बैल आले, विजेची भीती आली. विहीर बुजवायची त्यानं पुढं ढकलली आणि एका पावसाळ्यानंतर तो ती विसरला. कुत्रं त्याच्या पायाशी झोपू लागलं.

अडचण शशिकांतची झाली. बद्रीभाऊ सिडकोतल्या घरी बायकोला, आवडाबाईंना, लिहिलेलं वाचून दाखवत. पूर्वी त्या ऐकता ऐकता गहू निवडत. आता हात थांबायचे.

"मग रावसाहेब काय बोलला त्याला?" त्या विचारत.

"ते पुढच्या प्रकरणात. आता शशिकांत खिडकीशी—"

"त्याला राहू द्या थोडा वेळ खिडकीशी. रावसाहेबाचं वाचा."

बद्रीभाऊंनी केबिनमध्ये माझ्याकडे तक्रार केली. "बन्सी, मी ज्याला गाडायला बसलो, तोच उगवून येतोय रे."

वच्छलाबाईंनी दुसरा खर्डा वाचला आणि पहिल्यांदाच चहा मागवला. पण बाड काही ठेवून घेतलं नाही. "रावसाहेब चालायला लागलाय," त्या म्हणाल्या. "आता एवढं सांगा, बैलांना अहो म्हणणारा हा माणूस सख्ख्या भावाला कॉलेजातून का काढतो?"

"दुष्ट आहे म्हणून."

"तो दुष्ट पहिल्या खर्ड्यात होता. याचं कारण लिहा."

कारण काही सापडेना. बद्रीभाऊंनी मग ते तयार केलं, आणि असं तयार केलं की ते स्वतःच त्याच्या प्रेमात पडले. रावसाहेब तरुणपणी मोठा पैलवान होता. तालमीत त्याच्या अंगाखालची माती ओली राहायची. हैदराबादेहून एका वस्तादाचं बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात बाप गेला. त्यानं लंगोट खुंटीला टांगला, नांगर धरला आणि पुन्हा तालमीकडं वळून बघितलं नाही. दुष्काळात तो धाकट्याला म्हणतो, "मी सोडलं. आता तू सोड." हे प्रकरण बद्रीभाऊंनी केबिनमध्ये वाचलं त्या दिवशी कन्नडची गाडी विनाघोषणेची गेली. फकिरा नावाचा ड्रायव्हर केबिनच्या काचेवर ठोकत राहिला, "ओ भाऊ, बोलो ना, गाडी खाली जा री!" आम्ही दोघं डोळे पुसत होतो.

खरं सांगायचं तर नानासाहेबांनी आयुष्यात कधी तालमीत पाय ठेवला नव्हता. माती म्हटलं की त्यांना शिंका येत. पण आता बद्रीभाऊंना एक चाळा लागला. एवढं भारी कारण आपण बनवलं, मग खरं कारण काय असेल? ते निदान याच्या जवळपास तरी असेल ना? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी भावाला विचारलाच नव्हता. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न कोण विचारतं?

त्या सुट्टीला ते ओट्यावर बसले आणि सरळ म्हणाले, "नाना, तुम्ही मला कॉलेजातून का काढलं?"

नानासाहेब खोकले नाहीत. त्यांनी नुसतं नवलानं बघितलं.

"काढलं? म्या?"

"मग कोणी?"

"आरं, तू नापास झालता ना."

"मी?"

"इंग्रजीत. दोनदा. मी म्हनलं, तिसऱ्यांदा बस. तर तू म्हनला, मी आता नाय बसत, मला लाज वाटती. मंग मी म्हनलं, लाज वाटती तर नौकरी बघ. एस.टी. च्या सायबाकडं म्याच चार खेपा घातल्या." ते दाराकडं वळले. "द्वारके, ह्यो नापास झालता का नाय?"

"झालते की," आतून आवाज आला. "आठ दिस जेवले नव्हते."

बद्रीभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत, टिपणं केली नाहीत. घरी येऊन त्यांनी आवडाबाईंना विचारलं, "मी नापास झालो होतो, हे तुला माहीत होतं?"

"हो. लग्नाआधी आमच्या बाबांनी चौकशी केली होती ना."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं रंगवून सांगायचे," आवडाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हालाबी माहीत आहे."

पुढचे काही दिवस बद्रीभाऊंच्या घोषणांतला दम गेला होता. गाड्या सुटायच्या, पण नाइलाजानं सुटल्यासारख्या. मला वाटलं, कादंबरी संपली. ज्या रागावर ती उभी होती तो रागच खोटा निघाला होता. भावाची माफी मागावी, एवढंच आता उरलं होतं. आणि तसं त्यांना वाटलंही असावं. पण माणूस एव्हाना लेखक झालेला होता. एके दुपारी, बीडची गाडी गेल्यावर, ते एकदम माझ्याकडं वळले.

"बन्सी, शशिकांत नापास झाला तर?"

"तुमचा हिरो?"

"दोनदा. आणि त्याला ते आठवत नाही. त्याला वाटतं, भावानं काढलं."

मी म्हणालो, "मग रावसाहेबाची पैलवानी?"

"ती राहील," ते ठामपणे म्हणाले. "नानांचं कारण खरं आहे, पण रावसाहेबाला ते शोभत नाही."

तिसऱ्या खर्ड्यात शशिकांत नापास झाला. वच्छलाबाईंनी ते पान वाचून चष्मा काढला. "चला," त्या म्हणाल्या, "तुमच्या नायकानं एकदाचं काहीतरी केलं." त्यांनी आणखी कातर लावली. क्षितिज गेलं. खिडकी गेली. शशिकांतचा उंच बांधा आणि गोरा रंग गेला. शेवटी तो एक बुटका, बडबड्या, एस.टी. त नोकरी करणारा माणूस उरला, जो अधूनमधून करमाडला येऊन भावाकडं बघत बसतो. आधीचा निम्मा मजकूरही राहिला नाही. बद्रीभाऊ म्हणाले, "बाई, यात मी फारच थोडा राहिलो." बाई म्हणाल्या, "पण जो आहे तो ओळखू येतो." आणि त्यांनी पुस्तक छापलं.

आता धास्ती होती ती नानासाहेबांची. कादंबरी मराठीत, आणि त्यांची अक्षरं उर्दू. तेव्हा वाचून दाखवणं लेखकाच्याच नशिबी आलं. करमाडच्या ओट्यावर, गावातली चार माणसं बसलेली, आणि बद्रीभाऊ आपल्या त्या आवाजात वाचतायत. मीही गेलो होतो. दोन बैठकी झाल्या. नानासाहेब डोळे मिटून ऐकत होते. रावसाहेब विजेला भिऊन पोती मोजतो, हे आलं तेव्हा द्वारकाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी बद्रीभाऊंकडं बघितलं. त्यांनी मान वर न करता घाईनं पान उलटलं.

वाचन संपलं. नानासाहेबांनी डोळे उघडले.

"कडूबा," ते म्हणाले. "हुबेहूब कडूबा."

कडूबा म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, शेजारच्या घरातला.

"लई बरोबर पकडलास तू त्याला. इजेला भेतं, मर्दासारखा मर्द. पन पैलवानी सोडली तिथं मला बी वाईट वाटलं. कडूबा पैलवान होता, हे म्हाईत नव्हतं."

बद्रीभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो दोन दिवसही टिकला नाही. कडूबाच्या कानावर हे गेलं आणि तो भर चावडीपुढं उभा राहून ओरडला, "मी इजेला भेत नाय! कोन भेतं ते आख्ख्या गावाला म्हाईत हाय! सख्ख्या भावानं लिवलंय, चुलतभावावर कामून लोटू राह्यले?"

निरोप स्थानकावर पोचला तेव्हा बद्रीभाऊंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांनी बोलणं सुरू झालं होतं, ते पुन्हा बंद होणार. ते तसेच करमाडला गेले. नानासाहेब ओट्यावर बसले होते.

"तो रावसाहेब मी हाय?"

"आहे, नाना."

नानासाहेबांनी मनात तोलून बघितलं. एका बाजूला वीज होती, पोती होती, दुधातली भाकरी होती. दुसऱ्या बाजूला हैदराबादचं बोलावणं होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "असंल मी."

यापुढचं कुणाच्याच हातात राहिलं नाही. पुस्तक फार खपलं नाही, पण करमाडमध्ये ते ऐकून सगळ्यांना माहीत झालं. लोक नानासाहेबांना तालमीबद्दल विचारू लागले. पहिल्यांदा ते म्हणायचे, "छ्या, कुठली पैलवानी." मग म्हणायचे, "जाऊ द्या ते जुनं." मग नुसते हसायचे. पुढं त्यांचा गुडघा दुखू लागला तेव्हा डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की ही जुनी कुस्तीतली इजा आहे. द्वारकाबाईंनी हे ऐकलं आणि गुडघ्याला तेल चोळायला सुरुवात केली. त्याआधी त्या चोळत नव्हत्या.

पुढच्या वर्षी गावच्या जत्रेत कुस्त्यांचे पंच म्हणून नानासाहेबांना बसवलं. डोक्याला भगवा फेटा, हातात नारळ. बद्रीभाऊ आणि मी गर्दीत मागं उभे होतो. मातीमुळं नानासाहेबांना लागोपाठ शिंका येत होत्या आणि प्रत्येक शिंकेला आखाडा जरा थांबत होता. शेवटच्या जोडीत त्यांनी शेंद्रा गावच्या पोराला विजयी ठरवलं, तशी हरलेल्याचा मामा आखाड्यात घुसला.

"पाठ टेकलीच नाय! तुमी कवा लढले हो नाना? कुठं लढले? सांगा की!"

नानासाहेबांनी फेटा सावरला. गर्दीवर नजर फिरवली आणि बद्रीभाऊंवर आणून थांबवली.

"मला कशाला इचारतो? ह्याला इचार. ह्यानं छापलंय."

माना आमच्याकडं वळल्या. मला वाटलं, आता बद्रीभाऊ सांगणार की ती कादंबरी आहे, कल्पित आहे, तशी पहिल्या पानावर सूचनाही आहे. त्यांनी घसा साफ केला आणि नांदेडची गाडी फलाटावर लागल्याच्या आवाजात म्हणाले, "लढले. शहागंजच्या मैदानात. लोक झाडांवर चढून बघत होते."

औरंगाबादचं हे शहागंज पुस्तकात कुठंच नव्हतं. मामा मागं सरला. निकाल कायम राहिला.

संध्याकाळी आम्ही तिघं घराकडं चालत निघालो. नानासाहेब पुढं, गुडघ्यानं जरा लंगडत. वेशीजवळ ते थांबले आणि आम्ही जवळ येईपर्यंत वाट बघत राहिले.

"बद्री, त्या शहागंजात मी कुनाला पाडलं?"

"अजून ठरवलं नाही, नाना."

नानासाहेबांनी मान हलवली. "चांगला तगडा बघ," ते म्हणाले. "आन पंजाबचा असंल तर लई बेस."